रॅपच्या रेकॉर्डिंगमध्ये परत परत येणारा ‘घूं’: कोकणातल्या घरात तो कसा शोधायचा

रेकॉर्डिंग आणि रिमिक्स शिकणाऱ्या मुलामुलींच्या घरी जाऊन हा एकच बिघाड मी सारखी काढत असते. रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, मालवण, गाव कुठलंही असो, तक्रार तीच: “ताई, मध्ये गेला होता, आता परत आला.” तो परत का येतो, याचं उत्तर बहुतेक वेळा सॉफ्टवेअरमध्ये नसतं. ते घराच्या वायरिंगमध्ये आणि इथल्या हवेत असतं. म्हणून सोप्या आणि फुकटच्या तपासणीपासून सुरुवात करून एकेक पायरी खाली जाऊ.

आधी लक्षणं

माइक चालू ठेवून गप्प बसा, हेडफोन लावा आणि आवाज नेमका कसा आहे ते ऐका.

- एकसारखा, खालच्या पट्टीतला घूं. चढत नाही, उतरत नाही.
- खरखरीत, कडक झर्रर. पंख्याचा रेग्युलेटर फिरवला की बदलतो.
- बारीक शीळ. माउस हलवला किंवा स्क्रीनवरची वेव्ह सरकली की शीळही बदलते.
- चटचट, फटफट. बहुतेक कंडेन्सर माइकवर (ज्याला केबलमधून वीज लागते तो नाजूक माइक) आणि बहुतेक पावसाळ्यात.
- लॅपटॉपच्या किंवा इंटरफेसच्या (माइक आणि स्पीकर लॅपटॉपला जोडणारा डबा) धातूला हात लागला की आवाज एकदम कमी होतो.
- त्याच धातूला हात लागला की बोटांना मुंग्या येतात.

शेवटचं लक्षण असेल तर पुढच्या तपासण्या करू नका. चार्जर आणि स्पीकर भिंतीवरचं बटण बंद करून काढा आणि सरळ ‘इथे थांबा’ या भागावर जा.

हिप-हॉपमध्ये हा आवाज जास्त का छळतो

गिटार-गाण्याच्या रेकॉर्डिंगमध्ये जो घूं कुणाच्या लक्षातही येत नाही, तो रॅपमध्ये बोंबलत बाहेर येतो. रॅपचा आवाज आपण जोरात कॉम्प्रेस करतो, म्हणजे मोठा आवाज दाबून लहान-मोठ्यातला फरक कमी करतो. कॉम्प्रेसरनंतर ८ डेसिबल गेन परत वाढवला, तर दोन ओळींमधल्या शांततेतला घूंही ८ डेसिबलने वाढतो. त्यावर डबल (तीच ओळ पुन्हा), अ‍ॅड-लिब (मधले फुटकळ शब्द), हूक (परत परत येणारी ओळ) यांचे थर चढतात. वेगवेगळ्या वेळी घेतलेले आठ टेक एकावर एक ठेवले, तर घूं साधारण ९ डेसिबल आणखी चढतो. म्हणजे एका टेकमध्ये ऐकूही न येणारा आवाज शेवटच्या मिक्समध्ये १७ डेसिबल वर आलेला असतो. शिवाय रॅपरचा श्वास, मधला ठेहराव, बीट कापल्यावरची रिकामी जागा या शैलीत फार महत्त्वाच्या असतात, आणि घूं नेमका तिथेच उघडा पडतो.

८०८ च्या, म्हणजे ड्रम मशीनवरून आलेल्या खोल, लांबणाऱ्या बेसचीही एक गोम आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. सर्वांत खालच्या पट्ट्यांतला जी हा सूर ४९ हर्ट्झचा. बीटचा ८०८ त्या सुरावर असेल तर दोघे एकमेकांवर आपटतात आणि बेस सेकंदाला साधारण एकदा फुगतो, बसतो. मुलं तासन् तास ८०८ चा सॅम्पल बदलत बसतात. दोष व्होकलच्या ट्रॅकमध्ये असतो.

पहिली तपासणी: आवाज फाइलमध्ये आहे की फक्त स्पीकरमध्ये?

फुकट आहे, दोन मिनिटांची आहे, तरी बहुतेक जण ती करत नाहीत. तीस सेकंद शांतता रेकॉर्ड करा, फाइल बाहेर काढा, मोबाइलवर पाठवा आणि हेडफोनवर आवाज वाढवून ऐका. फाइल स्वच्छ असेल आणि स्पीकर मात्र घुमत असतील, तर माइक, माइकची केबल, प्रीअँप (माइकचा आवाज वाढवणारा भाग) सगळे निर्दोष. बिघाड इंटरफेस ते स्पीकर या टप्प्यात आहे. हे ठरल्याशिवाय नवा माइक घेऊ नका.

स्पीकरची सिग्नल केबल काढूनही तो नुसत्या वीजजोडणीवर घुमत असेल, तर दोष त्याच्या आतल्या पॉवर सप्लायचा असण्याची दाट शक्यता आहे. तो उघडू नका. प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर चार्ज धरून असतात. दुरुस्तीवाल्याकडे न्या.

दुसरी: आवाजाचा आकडा वाचा

ही माझी सगळ्यात आवडती पायरी, कारण इथे अंदाज संपतो. ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात शांततेचा तुकडा निवडून स्पेक्ट्रम (कुठल्या हर्ट्झवर किती आवाज आहे त्याचा आलेख) काढा आणि साइझ ६५५३६ ठेवा. ४८ किलोहर्ट्झच्या फाइलवर त्यामुळे पाऊण हर्ट्झचा फरकही दिसतो. डॉमध्येच (डीएडब्ल्यू, म्हणजे तुमचं रेकॉर्डिंग-मिक्सिंगचं सॉफ्टवेअर) बघायचं असेल तर व्हॉक्सेंगोचं स्पॅन हे प्लगइनही फुकट आहे. आता शिखरं कुठे आहेत ते बघा.

५०, १००, १५० अशी शिखरं असतील तर आवाज आपल्या घरच्या विजेचा. फक्त ५० ठळक असेल तर जवळपास एखादा ट्रान्सफॉर्मर, अ‍ॅडॉप्टर किंवा मोटर असू शकते. १०० आणि त्यापुढची शिखरं दाट असतील तर रेग्युलेटर, अर्थिंगचा लूप (तो पाचव्या तपासणीत येईल) किंवा एखादा खराब पॉवर सप्लाय.

६० आणि १२० वर शिखरं असतील तर तुमच्या घराची वायरिंग सोडून द्या. ६० हर्ट्झची वीज अमेरिकेत असते. तो घूं बहुधा तुम्ही घेतलेल्या जुन्या अमेरिकन रेकॉर्डच्या सॅम्पलमधून आला आहे. रिमिक्ससाठी मिळालेली अकापेला (वाद्यांशिवायचा नुसता गळा) एक सेमीटोन चढवली असेल आणि मूळ घूं ५० चा असेल, तर तो आता ५३ च्या आसपास दिसेल. असा अडनिडा आकडा दिसला की समजायचं, आवाज बाहेरून आलेल्या फाइलचा आहे.

आपल्याकडे आणखी एक प्रकार सापडतो. जत्रेतल्या दशावताराचा किंवा नमनाचा आवाज मिक्सरवरून थेट घेतलेला असतो, मुलं त्यातला मृदंग नाहीतर ढोल कापून बीटमध्ये घालतात. रंगमंच जनरेटरवर असेल तर त्याची फ्रिक्वेन्सी लोडप्रमाणे वरखाली होते, म्हणून घूंही एका आकड्यावर ठरत नाही. ठरावीक नॉच फिल्टर (एकाच आकड्याचा आवाज कापणारा) तिथे अपुरा पडतो. ढोल वाजत नसतानाचा तुकडा शोधून तिथे आवाज गेटने (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणाऱ्या साधनाने) बंद करणं जास्त चांगलं.

शिखर १००० किंवा ८००० हर्ट्झवर असेल तर ती यूएसबीची शीळ. तिच्यावरचा उपाय पुढे येतो.

तिसरी: चार्जर काढा, मग एकेक वस्तू बंद करा

लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा. घूं किंवा शीळ गेली, तर वाट चार्जरमधून होती. पुष्कळांचं काम इथेच भागतं: बॅटरी पूर्ण भरा, टेक बॅटरीवर घ्या, मिक्सिंगला चार्जर लावा. मात्र चार्जर काढल्यावर आवाज जातो याचा अर्थ चार्जर वाईट आहे असा नाही. त्याला भिंतीत खरं अर्थिंग मिळत नसेल तर चांगला चार्जरही असाच वागतो. हा धागा पाचव्या तपासणीत पुन्हा पकडू.

नंतर खोलीतला पंखा, ट्यूब, एलईडी दिवे, शेजारच्या खोलीतला फ्रिज, विहिरीचा पंप एकेक करून बंद करा आणि प्रत्येक वेळी दहा सेकंद ऐका. सगळं एकदम बंद केलं तर गुन्हेगार सापडणार नाही. पंख्याचा वेग कमी करणारे बिनपायरीचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट प्रत्येक अर्ध्या फेऱ्यात कापतात आणि तिथून तो झर्रर जन्मतो. टेक घेताना पंखा बंदच हवा, पण मिक्सिंग करताना उकाड्यात ते जमत नाही. तेव्हा पंखा पूर्ण वेगावर ठेवा किंवा पायऱ्यांचा कपॅसिटर रेग्युलेटर बसवून घ्या.

लाईट गेली आणि घर इन्व्हर्टरवर असेल तर रेकॉर्डिंग थांबवा किंवा बॅटरीवर करा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरची वीज चौकोनी लाटेची असते. तिच्यातले वरचे सूर प्रत्येक केबलमध्ये घुसतात आणि कुठल्याही फिल्टरने नीट निघत नाहीत.

डायनॅमिक माइक (कॉइल असलेला, वीज न लागणारा दणकट माइक) असेल तर तो हातात धरून जागेवरच नव्वद अंशांत फिरवा. फिरवल्यावर घूं कमीजास्त झाला तर तो वायरमधून येत नसून जवळच्या चुंबकीय क्षेत्रातून माइकच्या कॉइलमध्ये शिरतो आहे. अ‍ॅडॉप्टर, स्टॅबिलायझर, इन्व्हर्टर यांच्यापासून माइक एक-दोन मीटर दूर न्या. पैसे लागत नाहीत. मोबाइलही टेबलावरून उचला.

चौथी: केबल, जॅक आणि खारी हवा

किनाऱ्यावर जोडण्या लवकर खराब होतात. एक्सएलआरच्या (माइकच्या केबलचं तीन पिनांचं टोक) पिनांवर हिरवट थर, इंटरफेसच्या जॅकमध्ये काळपटपणा दिसला तर आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाला लावून पुसा, वाळू द्या, मग जोडा. घरात असलेलं कुठलंही तेल जॅकमध्ये मारू नका, ते धूळ धरतं.

बॅलन्स्ड केबलमध्ये पिन १ शील्डची, २ आणि ३ वर सिग्नल उलट-सुलट जातो. दोन्ही तारांत सारखाच शिरलेला घूं इंटरफेस वजा करून टाकतो. पिन १ ची डाग सुटली तर हे संरक्षण कमकुवत होतं. ओळखायची खूण: कंडेन्सर माइक बंद पडतो, कारण ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरला (इंटरफेस केबलमधून माइकला देतो ती वीज) परतीची वाट राहत नाही, आणि त्याच केबलवर डायनॅमिक माइक चालतो पण घुमतो. खात्रीसाठी मल्टिमीटरच्या बीपवर १ ते १, २ ते २, ३ ते ३ तपासा. केबल तेव्हा दोन्हीकडून सुटी हवी.

स्वस्त ‘स्टुडिओ किट’मधल्या माइकबरोबर एका टोकाला एक्सएलआर आणि दुसऱ्या टोकाला मोबाइलसारखा छोटा जॅक असलेली केबल येते. ती बॅलन्स्ड नसते. शिकणाऱ्यांच्या घरी घूं सापडण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे. इंटरफेस असेल तर दोन्हीकडे एक्सएलआर असलेली साधी, चांगली केबल घ्या. महाग प्लगइनपेक्षा ती आधी.

चटचट आवाज मात्र वेगळा. कंडेन्सर माइकच्या कॅप्सूलमधला चार्ज टिकायला तिथला विद्युतरोध प्रचंड लागतो. जुलैच्या दमट हवेत ओलावा बसला की चार्ज गळतो आणि फटफट ऐकू येते. माइक हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत रात्रभर ठेवा. हेअर ड्रायरची गरम हवा मारू नका, पातळ डायफ्रामला ती सोसत नाही. पावसाळाभर माइकचं घर तो डबाच असू द्या, स्टँडवर टांगून ठेवू नका. कौलारू घरात, पागोळ्यांच्या आवाजात रॅप घ्यायचा तर तसाही डायनॅमिक माइक तोंडाजवळ धरून घेतलेला टेक मला जास्त पसंत आहे. ओलाव्याला तो कमी भितो आणि खोलीतला आवाजही कमी उचलतो.

पाचवी: सगळं एका बोर्डवर, मग अर्थिंग

लॅपटॉप एका भिंतीवर आणि स्पीकर दुसऱ्या भिंतीवर लावले की दोन अर्थच्या वायरी आणि ऑडिओ केबल मिळून एक मोठं वेटोळं होतं. दोन सॉकेटच्या अर्थमध्ये किंचित फरक असला तरी त्या वेटोळ्यातून प्रवाह फिरतो, तोच ऑडिओत ऐकू येतो. लॅपटॉप, इंटरफेस, दोन्ही स्पीकर एकाच चांगल्या, तीन पिनच्या एक्स्टेन्शन बोर्डवर आणा. ६ अँपिअरच्या सॉकेटवर साधारण १३८० वॉट चालतात, छोट्या स्टुडिओला ते पुरेसे आहेत. इस्त्री किंवा हीटर त्यावर नको. टीव्हीची डिश केबल किंवा इंटरनेटची तार लॅपटॉपला जोडलेली असेल तर ती काढूनही ऐका, लूप तिथूनही बंद होतो.

एवढं करूनही घूं राहिला, तर मला संशय येतो तो अर्थिंगचा.

जांभ्या दगडाच्या जमिनीत पाणी फार थांबत नाही. एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्याचा रोध वाढतो आणि घूं वाढतो. मृगाचा पाऊस पडला, खड्डा भिजला की घूं आपोआप कमी होतो, आणि घरचे म्हणतात, बरा झाला. दिवाळीनंतर जमीन सुकत जाते, शिमग्याला तो हजर. ‘मध्ये गेला होता, परत आला’ या वाक्याचं मूळ पुष्कळदा इथे आहे. त्याच वेळी पावसात माइकची चटचट सुरू होते, म्हणून एक बिघाड जाऊन दुसरा आला हे कळतच नाही. तुमच्या घूंची ऋतूप्रमाणे नोंद ठेवा. वायरमनला ती फार उपयोगी पडते.

जुन्या घरांत तर सॉकेटचं वरचं मोठं भोक नुसतंच असतं, मागे तारच नसते. असली तरी बोर्डापर्यंत येऊन संपलेली असते. खाऱ्या हवेने खड्ड्याजवळची जस्त चढवलेली लोखंडी (जीआय) पट्टी आणि नटबोल्ट गंजून तुटलेले असतात. चिपळुणात २०२१ च्या जुलैतल्या पुराचं पाणी ज्या घरांत शिरलं होतं, तिथले जुने सॉकेट आणि जोड मी डोळे झाकून संशयित धरते.

तुम्ही स्वतः करू शकाल अशी तपासणी एकच: तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर आणा आणि प्रत्येक सॉकेटमध्ये लावून बघा. अर्थ नाही, फेज-न्यूट्रल उलटे आहेत, हे तो लगेच सांगतो. अर्थ चांगलं आहे की नाममात्र, हे तो सांगू शकत नाही. त्यामुळे दिवे बरोबर लागले तरी घूं आणि मुंग्या असतील तर अर्थ ठीक आहे असं मानू नका.

एक गोष्ट मी हात जोडून सांगते. घूं घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन काढू नका, तोडू नका, तीन पिनचा प्लग दोन पिनच्या कन्व्हर्टरमध्ये घालू नका. आवाज खरंच जातो, म्हणूनच हा उपाय एकाकडून दुसऱ्याकडे पसरतो. पण स्पीकरच्या आत फेजची तार बॉडीला लागली तर ती पिनच ते करंट जमिनीत नेणार असते. ती नसेल तर करंट इंटरफेसमार्गे माइकपर्यंत येतो, आणि रॅपर माइक हातात घट्ट धरून, ओठ लावून उभा असतो, पावसाळ्यात कधी अनवाणी ओल्या फरशीवर.

अर्थ चांगलं आहे आणि तरी इंटरफेस-स्पीकर लूप उरला आहे, तर त्यावर निर्धोक उपाय आहेत. ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा ग्राउंड लिफ्टचं बटण असलेला डीआय बॉक्स (ऑडिओ केबलच्या मध्ये लावायची छोटी पेटी) फक्त ऑडिओ केबलचं शील्ड तोडतो, विजेच्या अर्थला हात लावत नाही. यूएसबीच्या शिळेसाठी यूएसबी आयसोलेटर मिळतात, पण स्वस्तातले बरेचसे १२ मेगाबिटचेच असतात आणि वेगवान इंटरफेस त्यावर चालत नाही. घेण्याआधी वेग विचारा.

इथे थांबा, वायरमनला बोलवा

धातूला हात लावून मुंग्या येत असतील. टेस्टर अर्थ नाही म्हणत असेल किंवा फेज-न्यूट्रल उलटे दाखवत असेल. बोर्ड गरम लागत असेल, जळका वास येत असेल, आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) सारखा पडत असेल. सॉकेटमध्ये पाणी किंवा गंज दिसत असेल. यातलं काहीही असलं तर स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा. मल्टिमीटर हातात आहे म्हणून सॉकेटचे व्होल्ट मोजायला जाऊ नका.

येणारा माणूस परवानाधारक असावा आणि त्याला ‘स्पीकर घुमतो’ एवढंच सांगू नका, तो स्पीकरच बघून जाईल. हे सांगा: न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज घरातला लोड चालू असताना मोजा, अर्थ टेस्टर लावून खड्ड्याचा रोध मोजा, न्यूट्रलला अर्थ जोडून ठेवलेलं कुठे आहे का ते बघा. जुन्या दुरुस्त्यांमध्ये ही शेवटची जोडणी सापडते आणि ती धोकादायक आहे. खड्डा नवा करायचा ठरला तर आयएस ३०४३ या अर्थिंगच्या भारतीय मानकाप्रमाणे करा म्हणा. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालत राहणं हे घरातल्या कुणाचं तरी ठरलेलं काम असू द्या. घरमालक वेगळा असेल तर टेस्टरचा फोटो काढून त्यांना दाखवा. खर्च स्टुडिओचा नसून घराचा आहे हे त्यांना तेव्हा पटतं.

घूंसकट झालेल्या टेकचं काय?

पुन्हा घेता येत असेल तर पुन्हा घ्या. पुरुषी आवाजाचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो, म्हणजे १०० आणि १५० चा घूं काढताना आवाजाचंही थोडं अंग जातं.

पुन्हा घेता येत नसेल तर मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवा. प्रत्येक व्होकल ट्रॅकवर, कॉम्प्रेसरच्या आधी, ८० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर) लावा, ५० तिथेच बराचसा जातो. मग १००, १५०, २०० वर अगदी अरुंद नॉच, प्रत्येकी ऐकून, गरजेपुरताच. त्यानंतर गेट किंवा हाताने ओळींमधली शांतता साफ करा, पण श्वास ठेवा. नॉइज रिडक्शन वापरायचंच असेल तर त्याला निव्वळ घूंचा नमुना लागतो, म्हणून आजपासून प्रत्येक टेकच्या सुरुवातीला पाच सेकंद काही न बोलता रेकॉर्ड करत जा. हे फिल्टर मास्टर ट्रॅकवर लावू नका, ८०८ आणि किक त्याच जागेत राहतात.